आई-बाबांनाही स्की येत नसेल तर: लहान मुलांना घेऊन पहिली स्की-सुट्टी कशी ठरवायची

जर्मनीत एक-दोन हिवाळे निघाले की हा विषय घरात निघतोच. किटातली, म्हणजे इथल्या बालवाडीतली, निम्मी पोरं फाशिंगच्या, म्हणजे कार्निव्हलच्या, सुट्टीत ऑस्ट्रियाला जाऊन येतात, आपलं पोर विचारतं आपण कधी जायचं, आणि मग रात्री ते झोपल्यावर आपण नेट उघडून बसतो. तिथली सगळी माहिती स्की येणाऱ्यांनी लिहिलेली असते, म्हणजे बाबा धाकट्याला दोन पायांच्या मध्ये धरून खाली आणणार, आई मोठीला घेऊन लाल उतारावर जाणार वगैरे. आपलं तसं नाहीये. आपण साताऱ्या-नाशकातून नाहीतर डोंबिवलीतून आलेलो, आयुष्यातला पहिला बर्फ बघितला तो एस-बानच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून, आणि आपल्याला चार वर्षांच्या मुलाइतकंच स्की येतं, म्हणजे शून्य. घरात कोणालाच येत नाही हे एकदा मान्य केलं की सगळं प्लॅनिंग वेगळं होतं, आणि खरं सांगायचं तर स्वस्तही होतं. मी म्युनिकच्या बाजूने लिहितेय, त्यामुळे उदाहरणं ऑस्ट्रियातल्या टिरोलची आणि इथल्या बायर्नची, म्हणजे बव्हेरियाची, आहेत, पण स्टुटगार्ट नाहीतर झुरिकवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात आधी मुलाचं वय बघा

तीन वर्षांच्या आत स्की नको. स्की-शाळावाले घेणारही नाहीत बहुतेक, आणि घेतलं तरी ते पोर बर्फात बसून बर्फ खाणार, त्यासाठी पैसे कशाला. त्या वयाला लाकडी स्लेज, ज्याला इथे रोडल म्हणतात, ती पुरते. तीन ते चारच्या मध्ये काही शाळा घेतात, छोटे ग्रुप, दोन तासांच्या आत संपणारे, आणि त्यातला बराच वेळ खेळच असतो. साडेचार-पाचपासून पुढे मजा येते, पाय ऐकतात, टीचरने सांगितलेलं कळतं, आणि मुख्य म्हणजे टॉयलेटला जायचंय हे वेळेत सांगता येतं, ज्याचं महत्त्व पुढे कळेलच. आपल्या मुलांना किटामुळे जर्मन येत असतं त्यामुळे भाषेचा प्रश्न नसतो, बहुतेक शाळांमध्ये इंग्लिशही चालतं. ज्याला भाषेची अडचण येते तो म्हणजे मोठ्यांच्या क्लासमधला बाबा.

दोन मुलं असतील, एक दोन वर्षांचं आणि एक पाचचं, तर एक मोठा माणूस कायम धाकट्याबरोबर अडकणार हे धरूनच चला. मग दोघांचेही क्लास एकाच वेळी बुक करू नका. आजी-आजोबा आलेले असतील तर गोष्ट वेगळी, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

गाव निवडताना किलोमीटर बघू नका

प्रत्येक स्की-एरियाच्या जाहिरातीत एक आकडा मोठ्या अक्षरात असतो, आमच्याकडे इतके किलोमीटर पिस्ट, म्हणजे स्कीचे उतार. टिरोलमधल्या स्कीवेल्टचा आकडा २८० किलोमीटरच्या आसपास आहे. उत्तम एरिया आहे, पण पहिल्या आठवड्यात तुम्ही आणि तुमचं पोर मिळून वापरणार आहात फार तर दोनशे मीटरचा उतार, तोच, पुन्हा पुन्हा. उरलेल्या एरियाचे पैसे तिकिटात भरायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

त्यापेक्षा नकाशा उघडा आणि हे बघा. शिकायचा उतार खाली गावातच आहे का, की गोंडोलाने, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेने, वर डोंगरावर जाऊन मग सुरू होतो? वर असेल तर रोज सकाळी दोन मुलं, चार जोड्या बूट, स्की, हेल्मेटं घेऊन गोंडोलाच्या रांगेत उभं राहायचं, आणि एखाद्याने वर पोचल्यावर मला घरी जायचंय म्हणून भोकाड पसरलं की पुन्हा तीच वरात खाली. शिवाय नुसतं वर जायलाही तिकीट. खाली गावात असेल तर पोराला शाळेत सोडून आपण दहा मिनिटांत घरी. दुसरं म्हणजे तिथे पट्टा आहे का बघा, जर्मनमध्ये त्साउबरटेपिश म्हणतात, एअरपोर्टवर असतो तसा सरकता पट्टा, पोर स्की घालून त्यावर उभं राहतं आणि वर पोचतं. नुसता दोरीचा लिफ्ट असेल तर चार वर्षांच्या मुलाला फार जड जातं. तिसरं, उतार दिसेल असं एखादं कॅफे आहे का. चौथं, जवळ रोडलबान म्हणजे स्लेजचा रस्ता आहे का, कारण दुपारी काहीतरी लागणारच.

आम्हाला लेर्मोस आवडलं, त्सुगश्पिट्स डोंगराच्या टिरोलकडच्या बाजूला, शेजारी एरवाल्ड. दोन्ही गावं साधारण १००० मीटरवर, मध्ये सपाट मोकळं माळरान, शिकायचे उतार गावाला लागूनच. आणि बायर्नमधल्या गार्मिशहून तिथे लोकल ट्रेन जाते, त्यामुळे गाडी नसेल तरी म्युनिकहून जाता येतं. सामान जास्त असेल तर ट्रेनने दमछाक होते ते सोडा. सेरफाउस हे टिरोलमधलं गाव खास मुलांसाठी प्रसिद्ध आहे, १४०० मीटरच्या वर असल्याने बर्फाची खात्रीही जास्त, आणि त्या एवढ्याशा गावाला १९८५ पासून स्वतःची भुयारी रेल्वे आहे, पोरं स्कीपेक्षा तिच्यातच जास्त रमतात. पण ते महाग आहे, पहिल्या वेळी मी नसतं घेतलं. ऑस्ट्रियात जायचंच नसेल तर बायर्नमध्ये आल्गॉयचं ओबरयोख बघा, ११०० मीटरच्या वर, लहान मुलांसाठी बरंच काही आहे.

उंचीचं गणित एवढंच, की १००० मीटरच्या गावात डिसेंबरच्या मध्यात नाहीतर मार्च संपताना नैसर्गिक बर्फ असेलच असं नाही. तोफांसारख्या यंत्रांनी केलेला कृत्रिम बर्फ उतारावर पसरलेला असतो, स्की त्यावर होतं, पण आजूबाजूला हिरवं-पिवळं गवत दिसतं आणि पोरं म्हणतात बर्फ कुठाय.

कधी जायचं

मुलं अजून किटात असतील तर तुमच्यासारखे सुखी तुम्हीच. ६ जानेवारीची सुट्टी झाली की पुढचे दोन-तीन आठवडे सगळीकडे शांत आणि स्वस्त असतात, त्यात जा. थंडी जास्त असते एवढंच. फेब्रुवारीत मात्र एकापाठोपाठ एक सगळ्यांच्या सुट्ट्या येतात, आधी व्हिएन्नावाले, मग बाकीची ऑस्ट्रियन राज्यं, बायर्नची फाशिंगची सुट्टी, डच लोक, इंग्लंडमधले, आणि भाव तर दुप्पट वाटावेत असे. मूल शाळेत जायला लागलं की तुम्हालाही त्याच गर्दीत जायचंय, कारण इथे शाळा बुडवून सुट्टीवर नेलं तर दंड होऊ शकतो, बायर्नमध्ये पोलीस एअरपोर्टवर विचारतातसुद्धा. म्हणून पहिली स्की-सुट्टी शाळा सुरू व्हायच्या आधीच्या जानेवारीत उरकून घ्यावी असं माझं स्पष्ट मत.

आणि पूर्ण आठवडाच हवा असं काही नाही. फेरिएनवोनुंग, म्हणजे किचनवालं सुट्टीचं घर, सीझनमध्ये शनिवार ते शनिवारच देतात, पण जानेवारीत चार रात्रींचंही मिळून जातं. मुलांचा कोर्स तीन दिवसांचा किंवा पाच दिवसांचा असतो. पहिल्यांदा जाताय तर तीन दिवसात पोराला कळतं आवडतंय की नाही. तसं पाच दिवसवाल्यांचं पोर शेवटी खरंच स्वतःहून वळायला शिकून येतं, पहिले दोन दिवस रडण्यात आणि सवय होण्यात जातात, त्यामुळे झेपत असेल तर पाचच घ्या.

बुकिंग

घर आणि स्की-शाळा एकाच संध्याकाळी बुक करा. घर घेतलं आणि नंतर कळलं की त्या आठवड्यात लहान मुलांचे ग्रुप भरलेत, तर काय उपयोग. कोर्स रविवारी सुरू होतो की सोमवारी ते आधी बघा, शाळेशाळेत फरक असतो, मध्येच मंगळवारी उगवलेल्या नवशिक्या मुलाला ग्रुपमध्ये घेतीलच असं नाही. वेळ साधारण सकाळी दहाच्या सुमाराला सुरू, दोन तास, आणि पूर्ण दिवसवाल्यांना मध्ये जेवण देऊन दुपारी आणखी दोन तास. पहिल्या वेळी फक्त सकाळ घ्या. दुपारचा क्लास घेतलेली पाच वर्षांची पोरं मी पट्ट्यावर उभ्याउभ्या पेंगताना बघितली आहेत.

आता आई-बाबांचं. तुम्हीही क्लास घ्या, मुलांच्याच वेळेत. मोठ्यांचा नवशिक्यांचा ग्रुप असतो, त्यात डच, ब्रिटिश, इंडियन अशी आपल्यासारखीच मंडळी असतात, लाज वाटायचं काही कारण नाही. मात्र यूट्यूब बघून शिकू, मित्र शिकवेल, असलं काही करू नका, मित्र दहा मिनिटं शिकवतो आणि मग त्याला वर जायचं असतं. आणि नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला तर अजिबातच शिकवू नये, घरी सुखाने परत यायचंय ना.

मोठ्यांनी पूर्ण एरियाचा स्कीपास पहिल्या दोन दिवसांत घेऊच नका. मोठ्या एरियात एका दिवसाचं तिकीट माणशी ७० युरोच्या वर जातं, आणि पहिल्या दिवशी तुम्ही पट्ट्याच्या पुढे जाणार नाही आहात. शिकायच्या लिफ्टसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळं स्वस्त तिकीट नाहीतर पॉइंटवालं कार्ड मिळतं, कधीकधी पट्टा फुकटही असतो, खिडकीवर विचारा. टीचर म्हणाला उद्या वर जाऊ, की मग घ्या. लहान मुलांना बऱ्याच एरियात आई-बाबांच्या तिकिटावर फुकट असतं पण वयाची अट प्रत्येकाची वेगळी, आणि पुरावा मागतात, पासपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेवा.

कपडे

इथे आपली मंडळी एकतर सगळंच नवीन घेतात नाहीतर म्युनिकच्या रोजच्या जॅकेटवर जातात. दोन्ही नको. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आल्डी आणि लिडलला मुलांचे स्कीचे कपडे येतात, पहिल्या वेळेला ते भरपूर झाले. शरद ऋतूत गावोगावच्या क्लबांचे स्की-बाझार भरतात, जुनं सामान तिथे मिळतं, शिवाय जुन्या वस्तूंची वेबसाइट क्लाइनअनत्साइगन आहेच. मोठ्यांनी पँट मित्राकडून मागून घ्यावी, मागायला लाजू नका, इथे सगळे मागतात.

सुती काही नको. ही एक गोष्ट आईला फोनवर समजावून सांगणं अवघड जातं, कारण आपल्याकडे सुती म्हणजे चांगलं. पण सुती बनियन घामाने ओलं झालं की ओलंच राहतं आणि मग पोर गारठतं. आतून मेरिनो लोकरीचं किंवा सिंथेटिकचं अंगाला लागून बसणारं, वर फ्लीस, वर पाणी न शिरणारं जॅकेट. आजीने विणलेला स्वेटर घालायचाच असेल तर संध्याकाळी घाला, फोटोही छान येतात.

मोजे एकच. एकावर एक दोन मोजे घातले की बुटात सुरकुती पडते, पाय दुखतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. गुडघ्यापर्यंतचा स्कीचा एक पातळसर मोजा, आणि लांब चड्डी मोज्याच्या आत नाही, मोज्याच्या वर संपली पाहिजे, बुटात मोज्याशिवाय दुसरं काहीही जाता कामा नये. हातमोजे बोटांचे नकोत, पिशवीसारखे एकत्र बोटांचे घ्या, लहानांना ते स्वतः घालता येतात आणि हात गरम राहतात. दोन जोड घ्या कारण एक ओला होणार आणि एक हरवणार. मफलर नको, पट्ट्यात अडकतो, गळ्यात घालायची नळीसारखी पट्टी मिळते ती घ्या. गॉगल हेल्मेटवर बसणारा. सनस्क्रीन ५० नंबरचं, थंडी आहे म्हणून सोडू नका, दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांखालीही लावा, पहिल्यांदा जाणाऱ्यांची नाकं तिथेच सोलवटतात.

मुलांची पँट खांद्यावर पट्टेवाली असते, पाठीत बर्फ जात नाही म्हणून ती चांगली. फक्त टॉयलेटला जाताना जॅकेट काढा, पट्टे काढा, फ्लीस वर करा, हे सगळं बूट घातलेलं असताना, ओल्या फरशीवर, जिना उतरून, कारण हॉटेलांची टॉयलेटं कायम तळघरात असतात. क्लासच्या आधी पाच मिनिटं त्याला यायची असो नसो, नेऊन आणा.

भाड्याचं सामान

मुलांसाठी विकत काहीही घेऊ नका, पुढच्या वर्षी बूट लहानच होणार आहेत. स्की, बूट, हेल्मेट सगळं गावात भाड्याने मिळतं, ऑनलाइन बुक केलं तर थोडं स्वस्त पडतं. कोर्सच्या आदल्या दिवशी दुपारी जा, सकाळी नऊला सगळं गाव तिथे असतं.

दुकानात मुलाचं वजन, उंची, वय विचारतात, खरं सांगा. त्यावरून स्कीचं बाइंडिंग सेट करतात, म्हणजे पडल्यावर किती जोर आला की बूट स्कीतून सुटायचा ते ठरतं, बाबाने आपलं वजन दहा किलोने कमी सांगितलं तर चालता चालता स्की सुटेल आणि जास्त सांगितलं तर पाय मुरगळला तरी सुटणार नाही. बुटाचा नंबर पावलाच्या लांबीवर सेंटिमीटरमध्ये असतो. पायात घातल्यावर मुलाला उभं राहून गुडघे पुढे वाकवायला सांगा, नडगी बुटाच्या जिभेला टेकली पाहिजे, बोटं पुढे हलली पाहिजेत, आणि टाच वर उचलली जाता कामा नये. वाढत्या अंगाचं म्हणून एक नंबर मोठा घ्यायची आपली सवय इथे घरी ठेवून या. स्कीची उंची नवशिक्या मुलाला छाती ते हनुवटीच्या मध्ये. काठ्या नकोत, लहानांना काठ्या देतच नाहीत, दिल्या तर शेजारच्याचे डोळे धोक्यात.

हेल्मेट सगळ्यांना, मोठ्यांनाही. ऑस्ट्रियाच्या बहुतेक राज्यांत १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना कायद्यानेच लागतं, टिरोलमध्ये तसा कायदा नाही पण बिनहेल्मेटचं पोर दिसतच नाही. इटलीत तर २०२५-२६ च्या सीझनपासून मोठ्यांनाही सक्तीचं झालंय. हेल्मेटच्या आत टोपी घालू नका, ते नीट बसत नाही. आणि आतल्या बाजूला चिकटपट्टीवर तुमचा फोन नंबर, देशाच्या कोडसकट.

रात्री बूट गाडीत नाहीतर बाल्कनीत ठेवू नका, गारठलेलं प्लास्टिक कडक होतं आणि सकाळी पाय आत जातच नाही. घरात हीटरच्या जवळ ठेवा, हीटरवर नको. बऱ्याच घरांच्या तळमजल्यावर स्कीरूम असते, तिथे बूट वाळवायची सोय असते.

पहिली सकाळ

पावणेदहाची शाळा असेल तर सातला उठा. अतिशयोक्ती नाहीये. दोन मुलांना सगळे थर घालून, क्रीम लावून, बूट चढवून बाहेर काढायला तासभर जातो, आणि बूट घालताना एक ठरलेली गोष्ट होते, पोर बोटं आत मुडपून घेतं आणि म्हणतं जात नाही. बुटाची सगळी बकलं पूर्ण उघडा, जीभ पुढे ओढा, मुलाला खुर्चीवर न बसवता उभं करा, तुमच्या खांद्यांवर हात ठेवून टाच खाली दाबायला सांगा, टाच खाली गेली की टक असा आवाज येतो. मग वरचं बकल आधी लावा, खालची नंतर. हे घरी आदल्या रात्री दोनदा करून बघा, हसत खेळत, म्हणजे सकाळी युद्ध होत नाही.

शाळेत टीचरच्या हातात पोर द्या आणि निघून जा. खरंच जा. कुंपणाला टेकून व्हिडिओ काढत राहिलात तर ते तुमच्याकडेच बघत राहणार आणि दर दोन मिनिटांनी हात पसरणार. रडलं तरी टीचर रोज असली वीस पोरं बघतात, फार झालं तर फोन करतात. कॅफेत बसा, लांबून बघा. खिशात एखादं चॉकलेट नाहीतर चिक्की द्या, शेंगदाण्याची नको, इतर मुलांना ॲलर्जी असू शकते, तिळाचीही विचारून.

शाळेत शिकवतात ते दोन शब्दांत, पिझ्झा आणि पोमेस. स्कीची टोकं पुढे जुळवून मागे फाकवली की पिझ्झाचा तुकडा, वेग कमी होतो. दोन्ही समांतर ठेवल्या की पोमेस, म्हणजे फ्रेंच फ्राइज, वेग वाढतो. तुमच्याही क्लासमध्ये हेच चालू असतं, फक्त तुमच्या मांड्या जास्त दुखतात. मुलं वजनाने हलकी, गुरुत्वमध्य खाली, पडायची भीती नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवशी तुमचं पोर तुमच्या बाजूने सुर्रकन निघून जाणार आणि वर ओरडणार बाबा पिझ्झा कर पिझ्झा. त्याची मानसिक तयारी ठेवा.

उतारावरचे नियम मुलांना घरीच सांगून ठेवा. आंतरराष्ट्रीय स्की फेडरेशनचे दहा आहेत, पण सुरुवातीला तीन पुरेत. जो खाली आहे त्याचा हक्क पहिला, वरच्याने सांभाळून जायचं. थांबायचं तर कडेला. निघताना आधी वर बघायचं, रस्ता ओलांडताना बघतो तसंच. रंगांचं म्हणाल तर निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. आणि निळाही पहिल्यांदा वरून बघताना काळाच वाटतो.

चेअरलिफ्टवर घाई नको. बऱ्याच ठिकाणी १.२५ मीटरपेक्षा लहान मुलाला मोठ्या माणसाशेजारीच बसवायचा नियम असतो, आणि तो मोठा माणूस तुम्ही असाल तर आधी तुम्हाला बसता-उतरता आलं पाहिजे. तिथल्या माणसाला हात करून सांगा, लिफ्ट हळू करतात. तोपर्यंत मुलांना वर फक्त टीचरबरोबर पाठवा.

खाणं

किचनवालं घर घेण्याचं अर्धं कारण हेच. बरोबर कुकर, तांदूळ, मूगडाळ, तूप, उपम्याचं प्रीमिक्स, थालीपिठाची भाजणी. दुपारी साडेबाराला थकलेलं पोर घरी आलं की गरम वरणभात खाऊन तिथेच झोपतं, यापेक्षा चांगला मेन्यू कुठल्याही हॉटेलात नाही. सुपरमार्केट रविवारी बहुतेक ठिकाणी बंद असतं, शनिवारी पोचल्यावर आधी दूध-भाजी आणा मग सामान उघडा.

डोंगरावरच्या हॉटेलांत शाकाहारींना मिळतं तसं, पण विचारून खा. कासश्पेट्सले म्हणजे चीजमधली शेवयांसारखी गुठळी, त्यात अंडं असतं. काइझरश्मार्न म्हणजे जाड धिरड्याचे गोड तुकडे, त्यातही अंडं. अंडं चालत असेल तर दोन्ही मस्त. सूपमध्ये मात्र फसगत होते, कासप्रेसक्नोडलसूप वाचायला चीजचं वाटतं पण खालचं पाणी बहुतेक वेळा बीफचं असतं. गेर्मक्नोडल म्हणजे आत प्लमचा जॅम आणि वर खसखस घातलेला मोठा मऊ गोळा, पोरांना आवडतो, एक दोघांत पुरतो. प्यायला स्कीवासर मागा, रासबेरीचं सरबत. घरचे पराठे आत बसून खाऊ नका, बाहेरच्या बाकावर खाल्ले तर कोणी काही म्हणत नाही.

आजी-आजोबा आलेले असतील तर

आणा त्यांना बरोबर, शेंगेन व्हिसा असतोच. मात्र त्यांना दिवसभर घरात भात लावायला बसवू नका. बहुतेक गावांत बर्फ दाबून केलेले चालायचे रस्ते असतात, आणि गोंडोलाचं पायी जाणाऱ्यांचं वेगळं तिकीट मिळतं. बुटांच्या तळाला लावायचे रबरी काटे मिळतात, ते घ्याच, वयस्कर माणूस गावातल्या फुटपाथवरच घसरून पडतो.

कागद, इन्शुरन्स, गाडी

सगळ्यांचे पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड बरोबर, तान्ह्या मुलाचंही, परत येताना जर्मनीच्या बॉर्डरवर तपासतात. जर्मन हेल्थ कार्डाच्या मागे युरोपियन कार्ड असतं, त्यावर डॉक्टर मिळतो पण डोंगरावरून खाली आणायचा खर्च त्यात येत नाही, आणि हेलिकॉप्टर आलं तर बिल हजारांत जातं. म्हणून परदेशातला हेल्थ इन्शुरन्स घ्या आणि त्यात रेस्क्यू आहे का ते वाचा, अल्पाइन क्लबच्या मेंबरशिपमध्येही हे कव्हर मिळतं. तुम्ही दुसऱ्याला धडकलात तर त्यासाठी प्रायव्हेट हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारी पॉलिसी, जर्मनीत बहुतेकांकडे असतेच, इटलीत तर २०२२ पासून उतारावर जायला असा विमा सक्तीचा आहे. ऑस्ट्रियात डोंगरावरच्या मदतीचा नंबर १४०, नाहीतर ११२ सगळीकडे चालतोच.

गाडीने जात असाल तर विंटर टायर हवेतच, ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाळ रस्त्यावर कायद्याने लागतात. ऑटोबान वापरणार असाल तर विन्येट, म्हणजे टोलचा पास, आधी ऑनलाइन घ्या. आणि शनिवारी सकाळी नऊला म्युनिकहून निघू नका, अर्धं बायर्न त्याच वेळी निघतं. एकतर सहाला निघा नाहीतर जेवून दुपारी.

मधला दिवस आणि शेवटचा

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोर सकाळी म्हणतं आज नाही जायचं. पाय दुखतात, झोप झालेली नसते. ताप-बिप नसेल तर मी पाठवते, पण दुपार पूर्ण मोकळी ठेवते, नाहीतर स्विमिंग पूल, बहुतेक मोठ्या गावांत असतो. स्लेजवर नेलंत तर हेल्मेट तिथेही घाला, रोडलबान दिसते तेवढी साधी नसते, आणि लहान पोर तुमच्या पुढ्यात बसवा, एकटं नको.

कोर्सच्या शेवटच्या दिवशी शर्यत असते, दोन दांड्यांच्या मधून वळत खाली यायचं, सगळ्यांना मेडल. तेव्हा मात्र कुंपणाला टेकून व्हिडिओ काढा, फोन आतल्या खिशात ठेवा कारण थंडीत बॅटरी ऐन वेळी बसते. संध्याकाळीच भाड्याचं सामान परत करा, शनिवारी सकाळी दुकानात परत देणाऱ्यांची आणि नव्याने घेणाऱ्यांची दोन्ही गर्दी एकदम असते. मुलाच्या बुटाचा आणि स्कीचा नंबर फोनमध्ये लिहून ठेवा, आणि जानेवारीचं तेच घर हवं असेल तर मालकीणबाईंना निघतानाच सांगा, चांगली घरं उन्हाळ्यातच जातात.